दिवाळ्याचे वर्गसमीकरण

२०२५ च्या मे महिन्यात गणित-शिक्षकांच्या एका शिबिरात संभाव्यता या विषयावर बोलण्यासाठी मी गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारे एक शिक्षक थांबून राहिले. त्यांच्या हातात एक दोनशेपानी वही होती. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याची. मुलगा हुशार, गणितात पहिल्या पाचांत असणारा. तो मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळत असे आणि प्रत्येक बैठकीचा हिशोब वहीत टिपून ठेवत असे. दहा हजार डाव झाले होते आणि हिशोबात सहा हजार रुपये फायदा दिसत होता.

आता त्याच्यापुढे दोन प्रश्न होते. आजवर हजार रुपये घेऊन ज्या टेबलावर तो बसत असे, त्याऐवजी पाच हजारांच्या टेबलावर बसावे का? आणि एका वेळी एकाऐवजी चार टेबलांवर खेळले तर फायदा चौपट होईल का? त्यासाठी लागणारे पन्नास हजार रुपये त्याच्याजवळ होते. ते पुढच्या वर्षाच्या फीचे होते. "सर, मी वही तपासली. बेरजेत कुठेच चूक नाही. मग त्याला नको म्हणायचे तर कोणत्या आधारावर?" असे त्या शिक्षकांनी विचारले.

नीतीच्या आधारावर नको म्हणणे सोपे आहे, पण ज्याच्या हातात आकडे आहेत त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. हे उत्तर दहावीच्या गणितापलीकडे फारसे जात नाही, म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

खेळ आणि त्याची मोजमापे

पोकरचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत जास्त खेळल्या जाणाऱ्या 'टेक्सास होल्डेम' या प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मिळून टेबलावर उघडली जातात. दरम्यान बोली लागत जातात. ज्याची पाच पाने सर्वांत वरचढ, किंवा ज्याच्या बोलीला घाबरून इतरांनी पाने टाकली, तो मधली रक्कम उचलतो. प्रत्येक डावात दोघांना पाने पाहण्याआधीच ठरावीक रक्कम लावावी लागते. यांतल्या मोठ्या सक्तीच्या बोलीला 'बिग ब्लाइंड' म्हणतात. फायदा-तोटा मोजायला हीच रक्कम सोयीची असल्याने आपण तिला 'एकक' म्हणू.

टेबलावर बसताना खेळाडू जी रक्कम समोर ठेवतो ती 'बाय-इन'. नियमाप्रमाणे एका डावात समोर असलेल्या रकमेपेक्षा जास्त हरता येत नाही. बाय-इन सामान्यतः शंभर एककांचा असतो. आपल्या विद्यार्थ्याच्या टेबलावर एकक दहा रुपयांचे होते, म्हणजे बाय-इन हजाराचा. पाच हजारांच्या टेबलावर एकक पन्नास रुपयांचे. बाय-इनसाठी खेळाडूने एकूण जी पुंजी राखून ठेवलेली असते तिला आपण 'भांडवल' म्हणू.

पैसे लावून इंटरनेटवर पोकर खेळणे १९९८ साली 'प्लॅनेट पोकर' या संकेतस्थळावर सुरू झाले. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा अमेरिकन लेखापाल इंटरनेटवरच्या एका छोट्या पात्रता-स्पर्धेतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि तेथे २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंतर हे लोण झपाट्याने पसरले. इंटरनेटमुळे खेळात दोन बदल झाले. पत्ते पिसणे आणि वाटणे यंत्र करत असल्याने तासाला एका टेबलावर साठ-सत्तर डाव सहज होऊ लागले. आणि एकच माणूस एकाच वेळी अनेक टेबलांवर बसू लागला.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात, परंतु प्रत्येक मोठ्या डावातून संकेतस्थळ आपला वाटा काढून घेते. हा वाटा बहुधा डावातल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो व त्याला एक कमाल मर्यादा असते. आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्यावर यालाच 'नाल' म्हणतात. सहा खेळाडूंच्या फायद्या-तोट्याची बेरीज शून्य येत नाही, तर नालेइतकी ऋण येते. म्हणजे सरासरी खेळाडू हा हरणारा खेळाडूच असतो.

एका रुपयाची पायरी

पोकर क्षणभर बाजूला ठेवू आणि साधे नाणे घेऊ. समजा, एका खोडसाळ नाण्यात छापा पडण्याची संभाव्यता ०.५५ आणि काटा पडण्याची ०.४५ आहे. छापा पडला तर तुम्हाला एक रुपया मिळतो, काटा पडला तर एक रुपया जातो. खेळ तुमच्या बाजूचा आहे. तुमच्याजवळ पाच रुपये आहेत आणि समोरच्याची तिजोरी अमर्याद आहे. तुमचे दिवाळे निघण्याची शक्यता किती?

जिंकण्याची संभाव्यता 'ज', हरण्याची 'ह' मानू. आत्ता जवळ जितके पैसे आहेत त्यापेक्षा कधी ना कधी एक रुपयाने खाली उतरण्याची संभाव्यता 'द' मानू. खाली उतरण्याचे दोनच मार्ग आहेत. एक, पहिल्याच फेकीत काटा पडणे. त्याची संभाव्यता ह. दुसरा, पहिल्या फेकीत छापा पडणे आणि मग दोन पायऱ्या खाली येणे. एक पायरी उतरण्याची संभाव्यता द, तर लागोपाठ दोन पायऱ्या उतरण्याची द × द. म्हणून

द = ह + ज × द²

ज आणि ह यांची बेरीज १ असल्याने या वर्गसमीकरणाचे अवयव पुढीलप्रमाणे पडतात.

(ज × द − ह) × (द − १) = ०

मुळे दोन : द = १ आणि द = ह ÷ ज. ज मोठा असेल तर पैसा दीर्घकाळात वर चढतो, त्यामुळे खाली उतरणे अटळ नसते आणि दुसरे मूळ लागू पडते. आपल्या नाण्यासाठी द = ४५ ÷ ५५, म्हणजे सुमारे ०.८२. पाच रुपयांचे दिवाळे निघायला अशा पाच पायऱ्या उतराव्या लागतात. ०.८२ चा पाचवा घात ०.३७. दहा रुपये असतील तर ०.१३. वीस असतील तर ०.०२ हूनही कमी. खेळ आपल्या बाजूचा असूनही पाच रुपयेवाल्या शंभरांपैकी सदतीस जण धुऊन निघतात, आणि ते चुकीचे खेळले म्हणून नव्हे. भांडवल वाढवत गेले की हा धोका झपाट्याने घटतो.

आता ज आणि ह यांची अदलाबदल करा. ह ÷ ज हे मूळ १ पेक्षा मोठे येते. संभाव्यता १ पेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून उरते एकच मूळ, द = १. एकचा कितवाही घात एकच. भांडवल पाच रुपये असो वा पाच लाख, थांबला नाही तर दिवाळे निश्चित. भांडवलाने फक्त वेळ लांबते. ज आणि ह समान असले तरीही उत्तर हेच येते, हे विद्यार्थ्यांकडून जरूर पडताळून घ्यावे.

या समीकरणात वेळ कुठेच नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. फेकी मिनिटाला एक होतात की शंभर, याने 'द' बदलत नाही. टेबलांच्या संख्येच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

वही किती बोलते?

पोकरमध्ये प्रत्येक डावात एकच एकक जात-येत नाही. कधी अर्धे जाते, कधी समोरची सारी रक्कम जाते. म्हणून तेथे दोन आकडे लागतात : दर शंभर डावांमागचा सरासरी फायदा आणि त्या फायद्याचे प्रमाण विचलन. सहाजणांच्या टेबलावर दर शंभर डावांचे प्रमाण विचलन साधारणपणे ९० ते १०० एकक असते. आपण हिशोबाला १०० धरू. चांगला खेळाडू दर शंभर डावांमागे सरासरी ५ एकक कमावतो असे मानू. सरासरी पाच आणि विचलन शंभर, म्हणजे आवाजाच्या गोंगाटात कुजबुज ऐकण्यासारखे आहे.

डाव वाढले की सरासरी फायदा डावांच्या प्रमाणात वाढतो, पण विचलन डावांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. दहा हजार डावांत शंभर डावांचे शंभर गट येतात. अपेक्षित फायदा ५ × १०० = ५०० एकक. विचलन १०० × १० = १००० एकक. म्हणजे फायद्यापेक्षा विचलन अजून दुप्पट आहे. प्रसामान्य वितरणाचा तक्ता पाहिला तर अशा चांगल्या खेळाडूचाही दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याचा संभव ३१ टक्के निघतो. चाळीस हजार डावांनंतर तो १६ टक्के आणि एक लाख साठ हजार डावांनंतर सुमारे २ टक्के होतो.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. जो खेळाडू दर शंभर डावांमागे सरासरी ५ एकक हरतो, त्याच्यासाठी सर्व आकडे फक्त उलटे होतात. म्हणजे दहा हजार डावांनंतर अशा हरणाऱ्या खेळाडूंपैकी ३१ टक्के चक्क फायद्यात असतात. ते खोटे बोलत नसतात, त्यांच्या वह्या बरोबरच असतात.

आपल्या विद्यार्थ्याचा फायदा होता ६०० एककांचा. समजा, शंभर खेळाडूंपैकी वीस खरोखर चांगले (+५) आणि ऐंशी हरणारे (−५) आहेत. हे प्रमाण मी उदाहरणादाखल घेतले आहे. दहा हजार डावांत ६०० किंवा अधिक एकक कमावण्याची संभाव्यता चांगल्या खेळाडूसाठी ४६ टक्के आणि हरणाऱ्यासाठी १४ टक्के येते. म्हणजे चांगल्या विसांपैकी नऊ आणि हरणाऱ्या ऐंशींपैकी अकरा जणांकडे अशी 'फायद्याची' वही असेल. अशा वीस वह्या समोर ठेवल्या तर त्यांतल्या अकरा हरणाऱ्यांच्या निघतील.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ट्युओमास सँडहोम यांच्या गटाने पोकर खेळणारे संगणक-कार्यक्रम तयार केले. २०१५ मध्ये पिट्सबर्ग येथे 'क्लॉडिको' हा कार्यक्रम चार व्यावसायिक खेळाडूंशी ८०,००० डाव खेळला. नशिबाचा भाग कमी करण्यासाठी एका जोडीला वाटलेली पाने दुसऱ्या जोडीला उलटसुलट वाटली जात, म्हणजे एका ठिकाणी माणसाला मिळालेली पाने दुसरीकडे संगणकाला मिळत. अखेरीस माणसे ७,३२,७१३ चिप्सनी पुढे होती. तरीही संशोधकांनी सांगितले की संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा निकाल निर्णायक म्हणता येत नाही. २०१७ च्या जानेवारीत 'लिब्राटस' हा नवा कार्यक्रम वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळला आणि १७,६६,२५० चिप्सनी जिंकला. तेव्हा मात्र शंकेला जागा उरली नाही. पाने उलटसुलट वाटून, ८०,००० डाव खेळूनही जेथे निष्कर्ष काढताना संशोधक कचरतात, तेथे दहा हजार डावांची वही किती बोलणार?

टेबले किती?

चार टेबलांवर खेळले की 'सरासरी निघते' असे विद्यार्थ्याचे म्हणणे होते. ते अर्धे बरोबर आहे. वेगवेगळ्या टेबलांवरचे डाव एकमेकांवर फारसे अवलंबून नसतात. म्हणून तासाचा अपेक्षित फायदा चौपट होतो, तर विचलन दुप्पटच होते. पण एका टेबलावर चार तास खेळले तरी नेमके हेच घडते. टेबले वाढवणे म्हणजे घड्याळ जलद चालवणे. फायदा धन असेल तर तो लवकर येईल, ऋण असेल तर तोटा लवकर होईल. दर शंभर डावांमागे ५ एकक हरणारा खेळाडू एका टेबलावर तासाला ३ एकक गमावतो आणि चार टेबलांवर १२.

शिवाय माणसाचे लक्ष वाटले जाते. एका टेबलावर समोरचा कधी दबून खेळतो, कधी थापा मारतो, हे टिपता येते. आठ टेबलांवर प्रत्येक निर्णयाला काही सेकंदच मिळतात. त्यामुळे दर शंभर डावांमागचा फायदा घटत जातो. तो कसा घटतो हे खेळाडूगणिक वेगळे असते. उदाहरणादाखल पुढील आकडे घेऊ. टेबलामागे तासाला ६० डाव, विचलन तेवढेच आणि भांडवल २००० एकक, म्हणजे वीस बाय-इन, असे धरले आहे.

१ टेबल : दर शंभर डावांस फायदा ५ एकक, तासाला ३ एकक, दिवाळ्याची शक्यता १३.५ टक्के
४ टेबले : दर शंभर डावांस ४, तासाला ९.६, दिवाळ्याची शक्यता २० टक्के
८ टेबले : दर शंभर डावांस २.५, तासाला १२, दिवाळ्याची शक्यता ३७ टक्के
१२ टेबले : दर शंभर डावांस १, तासाला ७.२, दिवाळ्याची शक्यता ६७ टक्के

शेवटचे आकडे आपल्या नाण्याच्या सूत्राचेच विस्तारित रूप वापरून काढले आहेत. सरासरी फायद्याला भांडवलाने गुणून दुप्पट करा आणि विचलनाच्या वर्गाने भागा. पहिल्या ओळीसाठी २ × ५ × २००० ÷ १०,००० = २. मग २.७१८ या संख्येचा तितकाच घात घेऊन १ ला त्याने भागा. उत्तर ०.१३५.

आठ टेबलांवर तासाची मिळकत सर्वाधिक दिसते. परंतु तेथे पोचेपर्यंत दिवाळ्याची शक्यता जवळजवळ तिप्पट झालेली असते. मिळकत तासावर मोजली जाते आणि धोका दर डावावरच्या वरचष्म्यावर ठरतो, त्यामुळे ही दोन मापे वेगवेगळ्या दिशांना ओढतात. आणखी एक अडचण अशी की चार टेबलांवर बसायचे तर चार बाय-इन एकाच वेळी टेबलांवर मांडलेले असतात. दहा बाय-इनच्या भांडवलातला चाळीस टक्के भाग कोणत्याही क्षणी पणाला लागलेला असतो.

बाय-इन केवढा?

येथे पुन्हा नाण्याकडे जाऊ. छाप्याची संभाव्यता ०.५५ च आहे, पण आता दर फेकीला एक रुपया न लावता जवळच्या एकूण रकमेचा ठरावीक हिस्सा लावायचा आहे. सुरुवातीला हजार रुपये आहेत. शंभर फेकींत अपेक्षेप्रमाणे नेमके ५५ छापे व ४५ काटे पडले असे मानू.

दर वेळी १० टक्के लावले तर अखेरीस सुमारे १,६५० रुपये होतात. २० टक्के लावले तर ९८६ रुपये. ४० टक्के लावले तर ११ रुपये.

नाणे तेच, छापे तितकेच, खेळही आपल्याच बाजूचा. फरक फक्त किती लावले याचा आहे. कारण शेकडेवारीने वाढलेले आणि घटलेले पैसे एकमेकांना फेडत नाहीत. ४० टक्के गमावल्यावर ४० टक्के कमावले तर शंभराचे चौऱ्याऐंशीच होतात. गणकयंत्रावर विद्यार्थ्यांना हे पाच मिनिटांत करून पाहता येईल.

उत्तम हिस्सा कोणता, याचे उत्तर १९५६ साली बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील जॉन केली या भौतिकशास्त्रज्ञाने दिले. दूरध्वनीच्या तारेतील गोंगाटातून माहिती किती वेगाने पाठवता येते, या प्रश्नाचा विचार करताना त्याला पैजेचे गणित सापडले. बरोबरीच्या पैजेत लावायचा हिस्सा म्हणजे ज वजा ह. आपल्या नाण्यासाठी ०.५५ − ०.४५ = ०.१०. त्याच्या दुप्पट लावले की वाढ जवळजवळ शून्यावर येते, त्याहून जास्त लावले की ऱ्हास होतो. ज हा ह पेक्षा लहान असेल तर केलीचे उत्तर एका शब्दाचे आहे : लावू नका.

पोकरसाठी हाच नियम असा होतो. सरासरीला विचलनाच्या वर्गाने भागा. ५ ÷ १०,००० म्हणजे २००० मध्ये १. एक एकक भांडवलाच्या दोनहजाराव्या भागापेक्षा मोठे नसावे, म्हणजेच बाय-इन भांडवलाच्या विसाव्या भागापेक्षा, ५ टक्क्यांपेक्षा, मोठा नसावा. ख्रिस फर्ग्युसन या खेळाडूने, ज्याने संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आहे, २००६-०७ मध्ये फुकट प्रवेशाच्या स्पर्धांपासून सुरुवात करून १०,००० डॉलरपर्यंत मजल मारण्याचा प्रयोग केला. त्याने स्वतःवर घातलेला नियम हाच होता : भांडवलाच्या ५ टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊन टेबलावर बसायचे नाही. भांडवल घटले तर खालच्या टेबलावर उतरायचे.

मात्र हा नियम आपला सरासरी फायदा अचूक माहीत आहे असे धरून चालतो. तो ५ नसून २.५ असेल, तर वीस बाय-इन घेऊन खेळणे म्हणजे दुप्पट लावणे झाले आणि वाढ शून्य. म्हणून सावध खेळाडू चाळीस किंवा त्याहून जास्त बाय-इन राखतात. शंभराऐवजी चाळीस एकक घेऊनच टेबलावर बसणे, हाही एक मार्ग सुचवला जातो. त्याने एका डावातला तोटा मर्यादित होतो आणि निर्णयही सोपे होतात. पण निर्णय सोपे झाले की कौशल्याला वावही कमी राहतो. सरासरी आणि विचलन दोन्ही आकसतात, त्यामुळे दोन्ही आकडे नव्याने मोजावे लागतात.

पन्नास हजारांत पाच हजारांचे दहा बाय-इन होतात. आपला विद्यार्थी खरोखरच +५ चा खेळाडू असता, तरी हे केलीच्या दुप्पट झाले असते आणि दिवाळ्याची शक्यता ३७ टक्के. मोठ्या टेबलावरचे खेळाडू अधिक तयारीचे असतात, हे यात धरलेलेच नाही.

जे समीकरणात नाही

आपण धरले की भांडवलातून काही काढले जात नाही. फीचे पैसे मात्र ठरलेल्या तारखेला काढावेच लागतात. आपण धरले की माणूस हरत असतानाही तितकाच शांतपणे खेळतो. तसे फार थोड्यांना जमते. आपण असेही धरले की खात्यात दिसणारा आकडा म्हणजे हातातले पैसे. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने मोठ्या पोकर-संकेतस्थळांवर कारवाई केली. त्यानंतर 'फुल टिल्ट पोकर' या संकेतस्थळाच्या खेळाडूंचे पैसे अडकून पडले, आणि अमेरिकेतील खेळाडूंना ते परत मिळू लागायला २०१४ साल उजाडले. फर्ग्युसनने आपला प्रयोग याच संकेतस्थळावर केला होता. ५ टक्क्यांचा नियम कितीही काटेकोर पाळला तरी या धोक्यापासून बचाव होत नाही.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीची तरतूद आहे, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद त्याआधी न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला होता. आपल्या आकड्यांवरून दिसते की याचे उत्तर किती डाव मोजता यावर अवलंबून आहे. शंभर डावांत पोकर जवळजवळ निव्वळ नशीब असते, लाखो डावांत ते बरेचसे कौशल्य होते. फी भरायची तारीख शंभर आणि लाखांच्या मध्ये कुठेतरी येते.

वर्गात करून पाहा

एका पिशवीत वीस चिठ्ठ्या टाका. अकरांवर 'जीत', नवांवर 'हार'. प्रत्येक विद्यार्थ्याला पाच चिंचोके द्या. एक चिठ्ठी काढायची, चिंचोका द्यायचा किंवा घ्यायचा, चिठ्ठी परत टाकून पिशवी हलवायची. चिंचोके संपले की तो बाद. शंभर चिठ्ठ्यांनंतर चाळीस विद्यार्थ्यांपैकी सुमारे तेरा बाद झालेले दिसतील. दुसऱ्या दिवशी, न सांगता, नऊ 'जीत' आणि अकरा 'हार' अशी पिशवी ठेवा. या वेळी पस्तीसच्या आसपास बाद होतील. पण वीस चिठ्ठ्या झाल्यावर थोडे थांबून विचारा : ज्यांच्याकडे पाचाहून जास्त चिंचोके आहेत त्यांनी हात वर करा. साधारण चौथा भाग हात वर करील. त्यांना विचारा, तुमची पिशवी कोणती? बहुतेक जण खात्रीने चुकीचे उत्तर देतील. वर्गसमीकरण फळ्यावर मांडण्याची वेळ हीच.

त्या शिक्षकांना मी शेवटी एवढेच सांगितले की वहीत चूक नाही, वही अपुरी आहे. आपण +५ चे की −५ चे, हे पुरेशा खात्रीने कळायला एक लाख साठ हजार डाव लागतील. एका टेबलावर रोज तीन तास खेळले तर जवळजवळ अडीच वर्षे. आणि तो −५ चा निघाला, तर हे कळण्याची किंमत ८००० एकक पडेल. त्याच्या हजार रुपयांच्या लहान टेबलावरच ती ऐंशी हजार रुपये होते. त्यांनी तो आकडा वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला, त्याखाली वर्षाची फी लिहिली, आणि "हे त्याला कळेल" असे म्हणून वही पिशवीत ठेवली.